दवाई घेतली

तुळसाबाईच्या हातची भाकर धामणखेडात फार थोड्यांनी खाल्ली असेल, पण तिच्या हातची थापड न खाल्लेला माणूस हुडकायचा तर पाळण्यातच हुडकावा लागेल. सरपंचाच्या थोरल्या लेकानं ती खाल्ली होती, शाळेच्या शिपायानं खाल्ली होती, गैरान मोजायला आलेल्या एका माणसानं तर टोपीसकट खाल्ली होती. बाई चौपन्न वर्षांची, बुटकी, अंगानं काटकुळी. पण उजवा हात तेवढा दुसऱ्या कुणाचा आणून लावल्यासारखा रुंद. चाळीस वर्षं कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली आणि तळवा चपलेच्या तळासारखा झालेला. गावात म्हणत, हिला वकील लागत नाही, हिचं कोर्ट हिच्या मनगटाला बांधलेलं आहे.

अशी बाई आरोग्याचं काम करते हे ऐकून बाहेरची माणसं हसत. हसोत बापडी. बोरी अरबच्या आजूबाजूच्या सात गावांत टीबीच्या पेशंटांनी सहा महिने दवाई पुरी घेतली का, हे बघायचं काम तिचं होतं. दहा वर्षांत एकोणसाठ पेशंट तिच्या हाताखालून गेले आणि एकानंही दवाई मधेच सोडली नाही. सोडतील कसे? तांड्यावरचा शंकरसिंग, चांगला सहा फुटी गडी, गोळ्या गालात धरून मागच्या दारी थुंकायचा. तुळसाबाईनं त्याला अंगणात आडवा पाडला, छातीवर बसली, नाक दाबलं आणि तोंड उघडल्याबरोबर चारही गोळ्या आत कोंबल्या. त्याचे दोन भाऊ दारात उभे राहून बघत होते. पुढे यायची एकाचीही छाती झाली नाही. शंकरसिंग आज ठणठणीत आहे आणि रस्त्यात ती दिसली की अजून गालाला हात लावतो.

तिला हे काम दिलं जागल मंडळानं. जागल म्हणजे पिकाची राखण करायला वावरात राहणं. गावातल्याच दहाबारा माणसांनी ही संस्था काढली तेव्हा गावाची जागल करायची म्हणून हे नाव ठेवलं. चिटणीस अर्पिता मॅडम, दारव्ह्याला शिक्षिका. पहिल्याच वर्षी त्यांनी जुन्या गोदामाच्या भिंतीवर गेरूनं तीन ओळी लिहून घेतल्या आणि खाली लिहिलं, ‘दहा वर्षांत’. पहिली ओळ पोरांची: गावातले दहा जण वर्दीत दिसतील. दुसरी दवाईची: टीबीची दवाई कुणीही अर्ध्यात सोडणार नाही. तिसरी जागेची: धावायला मैदान, दवाखान्याला आणि अभ्यासिकेला पक्की इमारत. गाव वाचून हसलं होतं. भिंत काय, काहीही लिहून घेते.

पण भिंतीवरचं उतरत गेलं खरं. सुखासुखी नाही, डोकी फुटून. मैदानासाठी गैरानातली जी जागा मिळाली तिच्यावर आधीच तिघांनी कब्जा केला होता. चौथ्या वर्षी तिथं चुन्याची फक्की मारून आखणी करायला पोरं गेली तर पलीकडून गोटे आले. तुळसाबाई सगळ्यांच्या पुढं. कपाळावर असा गोटा बसला की साडी कमरेपर्यंत लाल झाली. तरी तिनं गोटा मारणाऱ्याला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाठून त्याच्याच रुमालानं बाभळीला बांधलं आणि मगच टाके घालायला गेली. सात टाके पडले. मैदान झालं. आता दहावं वर्ष चालू होतं, इमारतीवर स्लॅब पडला होता, रंग तेवढा राहिला होता. सहा पोरं-पोरी वर्दीत गेलीच होती आणि या वर्षीच्या पोलीस भरतीत आणखी चौघांचं नाव लागलं होतं. सहा आणि चार दहा. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. ठाण्यात नावावर एक गुन्हा निघाला की सगळं पाण्यात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता तुळसाबाई एवढी मारकुटी कशी झाली, तेही सांगायला हवं. ती मारायला शिकली ती मार खाऊन. नवरा नागोराव. सतरा वर्षं त्यानं तिला कासऱ्यानं मारलं, बैल हाकायच्या तुतारीनं टोचलं, एकदा चुलीतला चिमटा पाठीवर ठेवला. मग त्याला खोकला लागला, रक्त पडलं, टीबी निघाला. दवाई सुरू झाली. चार महिन्यांत गडी हिंडूफिरू लागला आणि म्हणाला, “मी बरा झालो. आता नाई घेत.” अर्ध्यात सोडली तर रोग उलटतो, हे नर्सबाईनं तुळसाबाईला दोनदा बजावलं होतं. तिनं नवऱ्याला घेऊ नको असं म्हटलं नाही, आणि घे असंही म्हटलं नाही. गोळ्यांची पाकिटं कोनाड्यात तशीच राहिली. तो अशक्त होत गेला तसा त्याचा हात उठायचा थांबला आणि तिच्या पाठीला आयुष्यात पहिल्यांदा आराम पडला. वर्षभरात तो मेला. लोकांना वाटलं, बाईनं फार सोसलं. सोसलं तर होतंच. पण त्या कोनाड्याची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही, आणि पुढं जो कुणी गोळी नको म्हणायचा त्याच्यावर ती चवताळून जायची.

तिचा आवडता शब्द ‘दवाई’. एका प्रशिक्षणात एक तरुण डॉक्टर म्हणाला होता, “मावशी, तुमच्याकडं पिकावर फवारतात तीही दवाईच आणि विष प्यायला तरी म्हणता दवाई घेतली. तुम्ही ‘गोळी’ म्हणत जा.”

तुळसाबाई फणकारली. “गोळी म्हटलं का लोक डोकेदुखीची समजते, साहेब. दोन दिवस खाते आन् सोडून देते. दवाई म्हटलं का कसा धाक वाटते. माह्या पेशंटले कळते मी काय म्हणतो ते.”

डॉक्टर गप्प बसला. तो बसला नसता तर बरं झालं असतं.

साठावी पेशंट दीपमाला. धामणखेडचीच पोर, बावीस वर्षांची. लग्नाआधी ती याच मैदानावर धावायची, आणि तिचा भाऊ अश्वजित तर मैदानाचा कणाच होता. भरतीत नाव लागलेल्या चौघांत त्याचं नाव पहिलं. नाव लागलं तरी तो रोज सकाळी मैदानावर यायचा, मागच्या पोट्ट्यांना गोळाफेक शिकवायचा. दीपमालाला दिलं होतं सात किलोमीटरवर, बोरी अरबच्या बाहेर अडाण नदीच्या काठी. नवरा राजदीप, चार एकर वावर आणि वावरातच घर. शेजार नाही, पाजार नाही. घरात सासू तानाबाई आणि हे दोघं. पावसाळ्यात दीपमालाला खोकला धरला आणि टीबी निघाला. राजदीप आधी तुळसाबाईला दारात उभं करीना. “लोकं पायते. नका येऊ आमच्या घरी,” असं तोंडावर म्हणाला. तुळसाबाईनं त्याला ढकलून आत पाय ठेवला आणि बाजेवर बसून सगळं समजावलं. निघताना त्याला बाजूला घेऊन म्हणाली, “हे पाय जवाईबापू. पोरगी लाडाची हाये, नखरे करन. ऐकलं नाई तर एक ठेवून द्याची. पण दवाई चुकली नाई पायजे.”

तेव्हापासून रोज सकाळी गोळ्या घेतल्या की दीपमाला तुळसाबाईच्या फोनवर एक रिंग द्यायची. एक वाजली की समजायचं, घेतली. असे तीन महिने सुरळीत गेले.

मग एक दिवस तुळसाबाई भेटायला गेली तर दीपमालाचा डावा गाल सुजलेला.

“कोणं मारलं?”

“त्यायनं,” दीपमाला खाली बघून म्हणाली. सासू जवळच शेंगा निवडत होती.

तुळसाबाई घरी आली ती पेटूनच. तिला सगळ्या नवऱ्यांत नागोराव दिसायचा, तसा राजदीपमध्येही दिसला. काहून मारलं, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. नवरा मारतो त्याला का कारण लागतं? तिला सतरा वर्षांत एकही कारण सापडलं नव्हतं.

चारच दिवसांनी, इमारतीच्या उद्घाटनाला आठवडा राहिला असताना, सकाळी ती मैदानावर चुना मारून घेत होती. रिंग आली नव्हती. साडेसात झाले, आठ झाले. मग फोन वाजला आणि वाजतच राहिला. तिनं उचलला. पलीकडं तानाबाई, घाबरीघुबरी.

“तुमच्या पोरीनं दवाई घेतली हो बाई! उलट्या करून राह्यली, थांबूनच नाई राह्यल्या. डोळे फिरवून राह्यली. लवकर या!”

तीन महिने हाच शब्द तुळसाबाईनं त्या घरात रुजवला होता. तानाबाई बापडी तिचाच शब्द तिला परत देत होती. पण तुळसाबाईच्या डोळ्यांपुढं सुजलेला गाल आला, त्या घराच्या कोपऱ्यात ठेवलेला फवारणीच्या विषाचा डबा आला, आणि तिनं फोन कानावरून काढून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला, “अश्वजित! दीपमालानं दवाई घेतली रे! त्यानं मारमारून पोरीले मारली रे!”

अकरा पोट्टे होते मैदानावर. एकानंही एक प्रश्न विचारला नाही. चार गाड्यांना एकाच वेळी किक बसली. अश्वजितच्या हातात गोळाफेकीचा सव्वासात किलोचा लोखंडी गोळा होता, तो त्यानं खाली ठेवलाच नाही, डिक्कीत टाकला. उंच उडीचा बांबू कुणीतरी घेतला. तुळसाबाई अश्वजितच्या मागं बसली. वाटेत तिच्या कमरेच्या पिशवीत फोन दोनदा वाजला. तिनं तो दाबून धरला.

वावरात शिरले तेव्हा राजदीप अंगणात गाडीला किकवर किक मारत होता. गाडी चालू होत नव्हती. त्याचा सदरा उलटीनं ओला होता.

“पळून राह्यला!” मागून एक जण ओरडला.

पहिली थापड तुळसाबाईची. ती अशी बसली की राजदीप गाडीसकट उलथला. त्याचा पाय सायलेन्सरखाली अडकला आणि तो कळवळून म्हणाला, “मावशी, काहून? मी तं तिले...” पुढचं बोलणं लाथेत गेलं. बांबू पाठीवर बसला, मग बरगड्यांवर, मग बांबूच तडकला. तडकलेल्या बांबूनं तर जास्तच लागतं. नाक फुटलं. दोन दात अंगणातल्या शेणसड्यावर पडले. तानाबाई मधे आली तर कुणीतरी तिला धरून मागं फेकली, ती तुळशीच्या झाडावर पडली. राजदीप अंगाची वळकटी करून पडला होता आणि एकच हात वर करून थांबा, थांबा म्हणत होता.

“सोडू नका!” तुळसाबाई ओरडत होती. “सोडू नका त्याले!”

अश्वजितनं डिक्की उघडली. वर केलेला तो उजवा हात त्यानं पायाखाली जमिनीवर दाबला आणि दोन्ही हातांनी गोळा उचलून कोपरावर आपटला. आवाज मोठा नव्हता. ऊस मोडल्याएवढाच. पण त्या आवाजानं सगळे गपकन थांबले, आणि राजदीप जे ओरडला ते नदीपलीकडच्या वावरात ऐकू गेलं असेल.

तेवढ्यात मागच्या दारातून दीपमाला आली. हातात घमेलं, केस विस्कटलेले, भिंत धरत धरत. पण आपल्या पायांवर. तिनं अंगण बघितलं आणि घमेलं हातातून पडलं.

“दादा!” ती किंचाळली. “काय केलं तुमी? काय केलं हे?”

“तू... तुवं दवाई...” अश्वजित पुटपुटला.

“दवाई म्हंजे माही रोजची दवाई! टीबीची! उपाशापोटी घेतली आन् उलट्या लागल्या. त्यायनं गाडी काढली ते मलेच दवाखान्यात न्याले!” ती नवऱ्याशेजारी चिखलात बसली. मग मान वर करून तिनं तुळसाबाईकडं पाहिलं. “आन् त्या दिशी मारलं ते मी गोळी थुंकली म्हून मारलं. तुमीच त्यायले सांगतलं होतं ना मावशी, एक ठेवून द्याची म्हून? त्यायनं तुमचंच ऐकलं.”

तुळसाबाईचा उजवा हात अजून चुरचुरत होता. पोट्टे एकेक करून मागं सरकले. गोळा राजदीपच्या कोपराजवळ पडला होता, त्याला रक्त चिकटलं होतं. तो गोळा मंडळानं आणलेला, त्यावर ऑइलपेंटनं ‘जागल’ असं लिहिलेलं. तिनं तो उचलून आपल्या पदरात गुंडाळला.

राजदीपला यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. कोपराचा चुरा झाला होता. दवाखान्यातून ठाण्याला कळवलं जाणारच होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी जबाब घ्यायला जमादार येणार होता. तुळसाबाई त्याआधी सकाळीच वॉर्डात जाऊन खाटेशेजारी खाली बसली. राजदीपचा एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फुटून पडलेला.

“पाहाले आल्या, मेलो का नाई ते?” तो म्हणाला.

“नाई रे बाबा.”

“बाराही नावं माह्या तोंडात हायेत मावशी. तुमचं सगळ्यांत आधी.”

“माहं सांग,” तुळसाबाई म्हणाली. “एकटीचंच सांग. बाकीची गिळून टाक.”

राजदीप हसायला गेला आणि ओठातून रक्त आलं. “कायले गिळू? त्याहीले पोलीस व्हायचं हाये म्हून? न विचारता माणसाचा हात मोडते, आन् उद्या वर्दी घालणार? मंग तं दुनियेचं भलंच झालं.”

खरंच होतं ते. अर्पिता मॅडम रात्रभर रडून दारव्ह्याहून आल्या होत्या, त्या बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. तुळसाबाईनं जमिनीकडं बघितलं आणि आजवर कुणाला न सांगितलेली कोनाड्याची गोष्ट तिनं राजदीपला सांगितली. नागोराव, कासरा, चिमटा, चार महिन्यांनी सोडलेल्या गोळ्या. “मी गप्प बसली. तो मरून राह्यला होता आन् मले बरं वाटून राह्यलं होतं. तेव्हापासून मी हात उचलून फिरतो. तुह्या अंगणात मी तुले नाई मारलं, राजदीप. मी त्याले मारलं. पण लागलं तुले.”

नर्स येऊन सलाईन बदलून गेली. मग राजदीप भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “माह्या चार एकरातलं सोयाबीन उभं हाये. शेंगा तडकाले आल्या. आठ दिवसांत सोंगलं नाई तं सगळं वावरातच सांडन. आन् माहा हात असा.”

“अकरा जण येतीन,” तुळसाबाई म्हणाली. “ज्या हातानं मारलं, त्याच हातानं सोंगतीन.”

“अश्वजित सगळ्यांच्या पुढं. आन् माह्या मायच्या पाया पडल्याबगर धुऱ्याच्या आत पाय नाई टाकायचा.”

“नाई टाकणार.”

दुपारी जमादार आला तेव्हा राजदीपनं एकच नाव सांगितलं.

पोट्ट्यांना हे कळलं तेव्हा अश्वजित तुळसाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. दोन दिवसांत गडी पार उतरला होता. म्हणाला, “मावशी, हे नाई जमत. गोळा मी मारला. मी ठाण्यात जाऊन सांगतो.”

तुळसाबाईनं हात उचलला. दहा वर्षांची सवय, हात आपोआपच वर गेला. अश्वजितनं गाल पुढं केला, त्याला तो मार हवाच होता. पण तिचा हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

“तू सांगशीन, मंग बाकीचेही सांगतीन,” ती म्हणाली. “अकरा घरं बसतीन. तुमी मारलं ते माह्या एका शब्दानं मारलं. तो शब्द माहा हाये, तू कायले आपल्या नावावर घेतो? इळा घे आन् वावरात जा. आन् एक गोष्ट ध्यानात ठेवजो. वर्दी चढल्यावर कोणावरही हात उचलायच्या आधी तुले त्या हाडाचा आवाज आला पायजे. नाई आला, तं माह्याजवळ ये, मी तुही वर्दी फाडतो.”

दोन दिवस अकरा जण सोयाबीन सोंगत होते. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी थट्टा केली नाही. अश्वजित आधी तानाबाईच्या पायांवर डोकं ठेवून आला. म्हातारी खरचटलेल्या कोपरावर हळद लावून बसली होती. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. दीपमालानं सगळ्यांना पाणी दिलं, भावाचा गिलास तेवढा दूर धुऱ्यावर ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी कापलेल्या सोयाबीनची गंजी लागली. गोदामाच्या भिंतीवरची पहिली, वर्दीची ओळ बुडता बुडता वाचली होती. कशी वाचली, ते त्या अकरा जणांना माहीत होतं, आणि ते विसरायची त्यांची हिंमत होणार नव्हती.

मंडळाचा नियम होता, गुन्हा दाखल झालेल्या माणसाला कामावर ठेवायचं नाही. अर्पिता मॅडमना तो बोलून दाखवायची वेळच तुळसाबाईनं येऊ दिली नाही. रजिस्टर, गोळ्यांची पेटी, किल्ली तिनं स्वतः नेऊन टेबलावर ठेवली. “उद्घाटनाले मी नाई येत,” म्हणाली. “पाहुण्याहीले सांगा, तिन्ही ओळी पुऱ्या झाल्या. खोटं नाई ते.” फोन मात्र तिनं दिला नाही. तो तिचा स्वतःचा होता.

ठाण्यात तिला सकाळीच बोलावलं, तो उद्घाटनाचाच दिवस निघाला. नेमसिंग जमादार वयानं मोठा, शांत माणूस. त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, कागद पुढं ओढला.

“तुम्ही एकटीनं मारलं?”

“हो.”

“एवढ्या जवान माणसाला? तुम्ही?”

तुळसाबाईनं उजवा तळवा टेबलावर उताणा ठेवला. नेमसिंगनं तो बघितला आणि लिहून घेतलं.

“कोपर कशानं मोडलं?”

“लोखंडी गोळ्यानं. मैदानावरचा.” तिनं पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला. टेबल वाजलं.

“काहून मारलं?”

“फोन आला होता. तिच्या सासूचा. म्हणे, दीपमालानं दवाई घेतली.”

नेमसिंग लिहिता लिहिता थांबला. त्यानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, नेहमीची चौकशी करावी तसं विचारलं, “कोणती दवाई?”

मैदानापासून त्या वावरापर्यंत सात किलोमीटरचा रस्ता होता. अकरा पोट्टे होते, तुळसाबाई होती, कमरेला दोनदा वाजलेला फोन होता. कुणीही एवढंच विचारलं असतं. नागोराव मेला तेव्हा ती रडली नव्हती, सात टाक्यांना रडली नव्हती. आता ती त्या बाकावर तोंडात पदर कोंबून अशी रडली की बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. नेमसिंगनं पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसला.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. एकदाच वाजला आणि थांबला.

“कोणाचा?” नेमसिंगनं विचारलं.

तुळसाबाईनं डोळे पुसले. “दीपमालाचा. गोळी घेतली तिनं,” ती म्हणाली. “टीबीची. सकाळची.”